मठातला पाटा

फार जुन्या काळी एका डोंगराच्या कुशीत गोसाव्यांचा छोटासा मठ होता. मठ केव्हाच पडला. मागे राहिला एक नक्षीदार खांब आणि स्वयंपाकघरातला वाटणाचा पाटा. कुणा भाविकाने पाटा उभा करून त्याला शेंदूर फासला, आणि पाट्याचा देव झाला. खांबाला मात्र लोक म्हैस बांधत.

"गुरूंच्या डोक्यावरचं छप्पर पेललं मी, आणि नारळ तुला!" खांब रोज कुरकुरायचा.

"मला कुठे हौस आहे?" पाटा म्हणायचा. "ती सगुणाबाई रोज येऊन नातू मागते. मला वाटणापलीकडे काय कळतं?"

एक दिवस शहरातून जुन्या अवशेषांचे एक अभ्यासक आले. खांब खूश झाला. आता याचं पितळ उघडं पडणार! अभ्यासकांनी शेंदूर खरवडला, झिजून खोलगट झालेल्या दगडावरून हात फिरवला आणि म्हणाले, "अहो, हा तर पाटा! किती झिजलाय! शेकडो वर्षं इथे रोज पंगती उठल्या असणार."

पाट्याला घाम फुटला. आता आपली रवानगी उकिरड्यावर!

रोजच्यासारखी नारळ घेऊन आलेली सगुणाबाई हे ऐकून पुढे आली. मग तिने नारळ फोडलाच, वर दोन हिरव्या मिरच्या ठेवल्या आणि हात जोडले.

"चुकलंच माझं, देवा. इतकी वर्षं तुझ्याकडे भलतंच मागत होते. आज हे पाहुणे जेवायला आहेत, तेवढी आमटी जमू दे."

पाट्याला हायसं वाटलं. एवढं त्याला येत होतं.