झेप्यासाठी किती गडी

फार जुनी गोष्ट आहे. वानरांच्या टोळ्या तेव्हा उंच टांगलेल्या टोपलीत कवठ टाकण्याचा खेळ खेळत. दुसऱ्या टोळीचा गडी हवा असेल, तर आपले गडी देऊन अदलाबदल करायची आणि बोलणी गड्याशी नाही, त्याच्या भावाशी करायची, अशी रीत होती.

एका सकाळी वडाच्या आणि जांभळीच्या टोळीचे म्होरके नदी ओलांडून टिकल्याकडे आले. दोघांनाही त्याचा थोरला भाऊ झेप्या हवा होता.

"दोन गडी देतो," वडाचा म्होरक्या म्हणाला.

"दोन? झेप्या काय वाटेवर पडलाय? मी तीन देतो," जांभळीचा म्हणाला.

टिकल्याच्या ओठांवर खरी गोष्ट आली होती. पण छाती अशी फुगली की त्याने ती गिळली. "दादाचा डाव्या हातानंही नेम चुकत नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे रे! आम्हीच हरलोय ना त्याच्याकडून. पाच घे!" वडाचा म्हणाला.

"माझी सगळी टोळी घे, वर मीही येतो!" जांभळीचा ओरडला.

तेव्हा टिकल्याला रडू फुटलं. "परवा फांदी मोडली आणि दादा गेला, काका. पण तुम्हाला थांबवू कसं? तो होता तोवर त्याला असं कुणी म्हणालंच नाही."

दोघांच्या माना खाली गेल्या.

"आम्ही त्याला तोंडावर 'नुसता नशिबानं जिंकतोस' म्हणायचो," वडाचा पुटपुटला.

टिकल्या ताठ बसला. "मग आता खरं सांगा. त्याचा एकेक डाव सांगा. आई वरच्या फांदीवर बसलीय, तिला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगा."