बेचाळीस पानांची ‘संपूर्ण’ पोथी

एका नदीच्या दोन काठांवर दोन गावे होती आणि दोन्ही गावांत एकेक ग्रंथालय होते. अलीकडच्या ग्रंथालयाचे ग्रंथपाल भार्गवराव. पलीकडच्या ग्रंथालयात कुमुदिनीताई. दोघेही कामात वाकबगार, दोघांचाही जुन्या पोथ्यांवर जीव, आणि दोघांचे एकमेकांशी मुळीच पटत नसे. नदीवर पूल होऊन वीस वर्षे झाली होती, पण ग्रंथालयाच्या कामासाठी ह्या दोघांपैकी कुणी तो ओलांडल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते.

पुढे दोन्हीकडे संगणक आले. पोथ्यांची छायाचित्रे काढायची, ती घरबसल्या कुणालाही वाचता येतील अशी ठेवायची, आणि प्रत्येक पोथीची नोंद लिहायची, असे काम सुरू झाले. नोंद म्हणजे पोथीची ओळख. नाव काय, विषय कोणता, पाने किती, पोथी पूर्ण आहे की अपुरी. शेवटी ‘संबंधित नोंद’ अशी एक चौकट असे. ह्या पोथीची एखादी नातलग पोथी दुसऱ्या ग्रंथालयात असेल, तर तिचा पत्ता तिथे लिहायचा. वाचकाने त्यावर बोट ठेवले की तो थेट त्या पोथीपाशी पोचे.

भार्गवरावांनी नऊशे पोथ्यांच्या नोंदी केल्या आणि नऊशे वेळा ती चौकट कोरी ठेवली. आपला वाचक आपल्याच हाताने दुसऱ्याच्या दारात कशाला धाडायचा, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या संग्रहाचे भूषण म्हणजे रंगाऱ्याची पोथी. साली, फुले आणि मुळे यांपासून कापडाला रंग कसा द्यावा, हे एका जुन्या रंगाऱ्याने तिच्यात लिहून ठेवले होते. त्याला दोन मुलगे. बाप गेल्यावर वाटण्या झाल्या. कढया वाटल्या, रांजण वाटले, आणि पोथी एकच होती म्हणून ती पत्ते वाटावेत तशी वाटली. पहिले पान थोरल्याला, दुसरे धाकट्याला, तिसरे पुन्हा थोरल्याला. अडले की भाऊ आपल्या दारी येईल, असे दोघांनाही वाटत होते. कुणीच कुणाच्या दारी गेले नाही आणि त्या घराण्याचा तांबडा रंग बुडाला. थोरल्याची बेचाळीस पाने फिरत फिरत भार्गवरावांकडे आली, धाकट्याची बेचाळीस कुमुदिनीताईंकडे.

भार्गवरावांना हे सारे ठाऊक होते. पानांच्या कडेला समासात आकडेच होते: एक, तीन, पाच, असे थेट त्र्याऐंशीपर्यंत. पण त्या वर्षी राज्यातल्या उत्तम संग्रहाला मानपत्र मिळणार होते, आणि अर्ध्या पोथीला मानपत्र कोण देतो? चित्रे नीटनेटकी दिसावीत असे कारण काढून त्यांनी चित्रांतले समास कापून टाकले. नोंदीत लिहिले, ‘पाने बेचाळीस. संपूर्ण.’

एके दिवशी सकाळी सुभद्रा नावाची एक बाई ग्रंथालयात आली. हातमागावरच्या सुती कापडाला ती रंग देत असे. बाजारातला पुडीचा रंग सोडून मुळांचा जुना तांबडा रंग परत आणायचा, असे तिने मनावर घेतले होते. तिने पिशवीतून एक कापड काढून भार्गवरावांच्या टेबलावर पसरले. त्याचा रंग गढूळ होता आणि जागोजाग उडाला होता.

“तुमच्या पोथीवरून केलंय,” ती म्हणाली. “तीनदा केलं. सहाव्या पानावर कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवा म्हटलंय. सातव्या पानावर एकदम मंजिष्ठेची मुळं कढईत. तसंच करते, पण पहिल्या धुण्यात रंग निघून जातो.”

भार्गवरावांनी कापड उलटून पाहिले.

“आधी वाटलं, पोथीच अपुरी असंल. पण तुम्ही ‘संपूर्ण’ लिहिलंय. तुमच्यासारखा जाणता माणूस उगाच लिहायचा नाही. म्हटलं, आपल्याच हाताला गुण नाही. आता एकच तागा उरलाय. त्यावर रंग बसला तर बसला, नाही तर मी आपली परत पुडी आणते.”

तिने भांडण काढले असते तर भार्गवरावांनी तिला सहज गप्प केले असते. पण त्यांचे खोटे तिने मुकाट्याने स्वतःच्या हातांवर घेतले होते. भार्गवरावांना स्वतःची लाज वाटली.

“बाई, तुमच्या हातात काही खोट नाही,” ते म्हणाले. “मधलं पान पलीकडच्या गावात आहे. कुमुदिनीताईंना भेटा आणि मी पाठवलंय म्हणून सांगा.”

एवढे सांगून त्यांना हायसे वाटले. बाईचे काम झाले, नोंदही आहे तशी राहिली, मानपत्रालाही धक्का नाही. सुभद्रेने कापडाची घडी केली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

“मी इथवर आले म्हणून मला कळलं,” ती म्हणाली. “जी घरी बसून वाचंल, तिला कोण सांगणार?”

उत्तराची वाट न पाहता ती पुलाकडे निघून गेली.

भार्गवरावांनी संगणकावर ती नोंद उघडली. तेवढ्यात ग्रंथालयाचे अध्यक्ष आले आणि त्यांच्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, “अहो, मानपत्राची समिती सोमवारी येतेय. हे काय करताय? नंतर बदला की.”

“नंतर म्हणजे मानपत्र मिळाल्यावर,” भार्गवराव म्हणाले. “म्हणजे कधीच नाही.”

त्यांनी ‘संपूर्ण’ खोडले आणि लिहिले, ‘अर्धी. फक्त विषम आकड्यांची पाने.’ समासासकट पानांची चित्रे पुन्हा काढली. मग नऊशे वेळा कोरी राहिलेल्या त्या चौकटीत त्यांनी पहिल्यांदाच एक पत्ता लिहिला. तो कुमुदिनीताईंच्या पोथीचा होता. अध्यक्ष पाय आपटत निघून गेले.

संध्याकाळी फोन वाजला. पलीकडून कुमुदिनीताई बोलत होत्या.

“भार्गवराव, तुमची नोंद वाचली. माझ्याही नोंदीत ‘संपूर्ण’च होतं. आता नाही, आणि तुमचा पत्ताही घातलाय,” त्या म्हणाल्या. “सुभद्राबाईंना बारावं पान दाखवलं, ते तुरटीच्या पाण्याचं आहे, रंग त्यानेच धरतो. आणि चौदाव्यावर लिहिलंय, कढई उकळू देऊ नये.”

सोमवारी समिती आली, तेव्हा सुभद्रेचा शेवटचा तागा भार्गवरावांच्या टेबलावर पसरलेला होता. तीनदा धुऊनही तो लालभडक होता. समितीच्या प्रमुख बाईंनी संगणकावर पोथी उघडली. पहिले पान ह्या काठाचे, दुसरे त्या काठाचे, तिसरे पुन्हा ह्या काठाचे. चौऱ्याऐंशी पाने सलग वाचूनच त्यांनी मान वर केली.

“पोथी उत्तम आहे,” त्या म्हणाल्या. “पण मानपत्रावर एकाच ग्रंथालयाचं नाव घालायचा नियम आहे. कुणाचं घालू?”

अध्यक्षांनी भार्गवरावांना कोपराने ढोसले.

“एकाचं घातलंत तर पोथी पुन्हा अर्धी होईल,” भार्गवराव म्हणाले. “मानपत्र दुसऱ्या कुणाला द्या.”

मानपत्र तिसऱ्याच गावाला गेले. अध्यक्ष महिनाभर भार्गवरावांशी बोलले नाहीत. भार्गवरावांना त्याची फिकीर नव्हती. उरलेल्या चौकटी भरायच्या होत्या, आणि त्यासाठी ते दर शनिवारी पूल ओलांडून कुमुदिनीताईंकडे जाऊ लागले. वर्षभरात त्या पोथीवरून अकरा गावांतल्या बायका मुळांचा तांबडा रंग करायला शिकल्या. त्यांतल्या दहा गावांनी भार्गवरावांचे तोंडही पाहिले नव्हते.

तात्पर्य: आपल्याजवळ काय आहे हे सांगणाऱ्याने काय नाही आणि ते कुठे मिळेल हेही सांगावे; ज्ञान दडवून ठेवणाऱ्याकडे ते अर्धेच राहते, वाट दाखवणाऱ्यामुळे ते पूर्ण होते.