घंटा कुठवर ऐकू जाते

आल्टेनब्रुक शहराने नवी घंटा बसवली आणि आसपासच्या गावांचं नशीब फुटलं.

जर्मनीतलं हे जुनं, तटबंदीचं शहर. तिथला एक कायदाही तटबंदीइतकाच जुना होता. शहराच्या घंटेचा आवाज जाईल तिथवर बिअर फक्त शहरातल्या भट्ट्यांनीच बनवायची. जुनी घंटा बिचारी सज्जन. वेशीपर्यंत पोचता पोचता तिचा आवाज दमायचा, त्यामुळे गावं आपापली बिअर सुखाने बनवत होती. शहरातली सगळ्यात मोठी भट्टी होती नगराध्यक्ष कोनराड स्टोल्ट्स यांची. त्यांची बिअर इतकी पातळ, की नदीला हेवा वाटावा. गावची सोडून ती कोण पिणार? तेव्हा साहेबांनी, अर्थातच देवाच्या सेवेसाठी म्हणून, हत्तीएवढी घंटा ओतवून घेतली.

ती वाजली आणि हाझेलबाख गावातल्या खिडक्या थरथरल्या. दुसऱ्याच दिवशी शहराचा शिपाई वाल्बुर्गाच्या दारात उभा. वाल्बुर्गा गावची भट्टी चालवायची. आईच्या मागे राहिलेला तांब्याचा एक हंडा, एवढाच तिच्या पोटाचा आधार.

"संत मार्टिनचा सण झाला की हंडा जप्त," शिपाई म्हणाला.

ती तडक नगरसभेत गेली. "सरकार, हंडा गेला तर मी खाऊ काय?"

"आमच्या भट्टीत पिंपं घासायला ये," साहेब उदारपणे म्हणाले.

"दुसरा काही उपाय?"

"आहे ना. तुमच्या गावाला घंटा ऐकू येत नाही, एवढं भर सभेत सिद्ध करून दाखव. तुझाच काय, सगळ्या गावांचे हंडे सोडतो."

सभासद पोट धरून हसले. साहेबांच्या विनोदाला हसणं हेच तिथलं मुख्य कामकाज होतं.

"शब्द दिलात, सरकार," वाल्बुर्गा म्हणाली आणि घरी गेली.

आता, शहरात आणखी एक रीत होती. संत मार्टिनच्या दिवशी दुपारची घंटा ज्याला ऐकू येईल तो नगराध्यक्षाचा पाहुणा. त्याला भाजलेलं बदक वाढायचं, आणि कोणी उपाशी परतला तर नगराध्यक्षाने खुर्ची सोडायची. साहेबांना ही रीत फार प्रिय होती, कारण बदकं शहराच्या खर्चाने यायची आणि आशीर्वाद साहेबांना मिळायचे. फक्त घंटा वाढवली की बदकंही वाढवावी लागतात, हे त्यांना कोणी सुचवलं नव्हतं.

सणाच्या दुपारी घंटा वाजली. चौकात मेजं मांडलेली, सगळी सभा गळ्याला रुमाल बांधून बसलेली. इतक्यात वेशीतून अख्खं हाझेलबाख आत आलं. प्रत्येकाच्या हातात ताटली.

"ही गर्दी कसली?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणे आहेत, सरकार," वाल्बुर्गा म्हणाली. "घंटा ऐकली, हात धुतले, निघालो. बाकीची गावं मागून येताहेत. त्यांच्यात म्हातारी माणसं बरीच, जरा सावकाश चालतात."

साहेबांनी आचाऱ्याकडे पाहिलं. आचाऱ्याने नकारार्थी मान हलवली. साहेबांनी मग आपल्या खुर्चीकडे पाहिलं.

"थापा मारता?" ते उठून गरजले. "इतक्या लांब घंटा पोचेलच कशी? मी भर सभेत सांगतो, हाझेलबाखलाच काय, आसपासच्या एकाही गावाला आमची घंटा ऐकू येत नाही!"

"नक्की ना, सरकार?"

"नगराध्यक्षाचा शब्द आहे हा."

"मग आम्ही पाहुणे नाही. चला गं, चला रे, घरी," वाल्बुर्गा लोकांकडे वळली. "हंडे तापवायचेत. एवढंच भर सभेत सिद्ध करायचं होतं. मला काही जमलं नसतं, सरकारांनीच करून दिलं."

मग एक सभासद खुदकन हसला, पहिल्यांदाच साहेबांची परवानगी न घेता. साहेब लालबुंद झाले. पण खुर्ची वाचली आहे हे ध्यानात आलं, तसे तेही हसू लागले, आणि हसता हसता खाली बसले.

"हरलो, बाई. हंडा तुझा. हे माझ्या ताटातलं बदकही घेऊन जा," ते म्हणाले. मग हळूच पुढे झुकले. "आणि एक पिंप पाठवत जा. आमची बिअर मला स्वतःलाही उतरत नाही गं घशाखाली. पिंप संपलं की मी घंटा वाजवीन."

"घंटा नको, सरकार," बदक ताटलीत घेत वाल्बुर्गा म्हणाली. "ऐकू येत नाही आम्हाला. माणूस पाठवा."