राणीच्या अंगणातला घेवडा

एक होती राणी, सुंदरा तिचं नाव. राणी खरी, पण माळ्याची लेक हं! नदीपलीकडे तिच्या आईचा भाजीचा मळा होता. पाटाच्या पाण्यात पाय सोडून काकड्या खात ती तिथे वाढली. मग राजाने तिला पाहिलं आणि लग्न करून राजवाड्यात आणलं.

राजवाड्यात काय कमी? पण भाजी यायची सात डोंगरांपलीकडून, उंटांवर लादून. जितकी लांबची, तितका मोठेपणा, बरं का! दिसायला चकचकीत, चवीला नुसतं पाणी. राणीला घास उतरेना. ती वाळत चालली.

राजा घाबरला. "राणी, काय खावंसं वाटतं?"

"घेवडा," ती म्हणाली. "आत्ता तोडलेला."

मग राजाने पूर्वेला उंट धाडले. घेवडा आला, पण सुकलेला. मग दक्षिणेला घोडे धाडले. आला, पण जून, निबर. मग पश्चिमेहून गलबत भरून आणलं. त्याला तर वासच नव्हता. राणीने ताट सरकवलं, नावेत बसली आणि सरळ माहेरी गेली.

जाऊन बघते तर काय! मळा ओसाड, पाट कोरडा. आई एकटीच ओट्यावर बसलेली.

"आई गं, हे काय झालं?"

"राजाच्या घरी उंटावरची भाजी, म्हणून गावालाही तीच हवी. आमची टोपली कुणी उतरवून घेईना, बाई. मग लावायचं कुणासाठी?"

राणी खूप रडली. आईने राखेत जपलेलं मूठभर बी तिच्या ओटीत घातलं.

राजवाड्याच्या अंगणात राणीने आपल्या हातांनी आळं केलं, बी टोचलं. आणि काय नवल! सकाळी कोंब आला, दुपारी वेल खांबावर चढला, दिवेलागणीला शेंगांचे घोस लोंबले. राणीने लसणाची फोडणी देऊन भाजी केली. पहिला घास घेतला, तोच कानाशी आईचा आवाज आला, अगदी लहानपणीचा, "सुंदरे, हात धुतलेस का गं?" राणी हसली, रडली आणि पोटभर जेवली.

मग राजानेही घास घेतला. तो पाळण्यात असतानाच त्याची आई गेली होती, बिचारा. पण त्यालाही ऐकू आलं, "आ कर रे माझ्या राजा, एवढाच घास." दाईचा आवाज! किती वर्षांत ती आठवलीच नव्हती. राजाचे डोळे भरून आले.

"तीही नदीपलीकडचीच होती," तो म्हणाला. "घर कुठलं, कधी विचारलंसुद्धा नाही."

मग त्याने उंट रानात सोडून दिले. स्वतः नदीपलीकडे जाऊन मळेवाल्यांना म्हणाला, "चुकलं माझं. पुन्हा लावा. पहिली टोपली माझ्या दारी उतरवा." मग पाट वाहिले, मळे हिरवे झाले. गावात घरोघरी अंगणात वेल चढले.

पहिली टोपली घेऊन राणीची आईच आली. तिने राजवाडा बघितला नाही, लेकीचे दागिने बघितले नाहीत. वेलाशी वाकली, माती चाचपली आणि म्हणाली, "पाणी फार घालतेस गं."

राणीने जीभ चावली. मग दोघी मायलेकी तिथेच शेंगा मोडत बसल्या, गप्पा मारत, ऊन कलेपर्यंत.

राजा सुखात, राणी सुखात, सगळा गाव पोटभर जेवून निजला. आता राहिलात कोण? तुम्हीच. मिटा बघू डोळे.