डाळ, पापड आणि कासवाची डोणी

एका राज्यात गजवर्मा नावाचा राजा राज्य करीत होता, आणि त्याच्या महालामागे सात मजली दप्तरखाना होता. राजाच्या आजोबांनी एक रिवाज घालून दिला होता. राज्यात साडेतीनशे गावं. प्रत्येक गावानं रोज एक चिठी धाडायची, नि त्या दिवशी गावात जे घडलं ते तिच्यात लिहायचं. कुणाची गाय व्याली, कुणाच्या विहिरीला पाणी चढलं, वारा कुठून सुटला. जासूद चिठी आणी, कारकून ती एकदा मोठ्यानं वाची, रुमालात बांधी नि फडताळात ठेवी. पुढं त्या रुमालाची गाठ कोणी सोडली असेल तर शपथ.

गजवर्म्याला तर त्या चिठ्यांचा उबग आला होता. गुप्तधन कुठं आहे ते लिहीत नाहीत, शत्रू काय करतो ते लिहीत नाहीत, मग गाई-वासरांची खबर राजानं ठेवून करायचं काय?

अशात एके दिवशी दरबारात धूम्रनाथ नावाचा मांत्रिक आला. अंगाला राख, डाव्या हाताला सहा बोटं. तो चाले तिथली फरशी थंड पडे.

"राजा, तुझ्या दप्तरात मला एक गोष्ट शोधायची आहे."

राजानं त्याला पुरतं बोलूसुद्धा दिलं नाही. "तो केर आहे, बुवा. येत्या पौर्णिमेला तो जाळून तिथं हत्ती बांधणार आहे."

धूम्रनाथ ओरडला नाही की थयथयाट केला नाही. म्हणाला, "ज्याला तू केर म्हणतोस, त्यातच तुझ्या लेकीचा जीव ठेवून जातो. आजपासून ती पायाकडून दगड होईल, रोज बोटभर. दगड गळ्याशी पोचायच्या आत तीन गोष्टी माझ्यापुढं आण. फिरत्या झऱ्याचं पाणी, उडत्या डोंगराचा खडा, आणि चाळीस वर्षं मी जे शोधतो आहे ते."

"ते काय आहे?"

"शोधणाऱ्याला कळेल." एवढं बोलून तो वेशीबाहेरच्या वडाखाली जाऊन बसला. इकडे राजकन्या केतकीची पावलं पाट्यासारखी गार नि जड झाली.

राजाच्या तोंडचं पाणी पळालं. दाही दिशांना घोडेस्वार सुटले. पण फिरता झरा आज या विहिरीत, उद्या त्या विहिरीत. स्वार पोचेपर्यंत झरा निघून गेलेला. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! दगड केतकीच्या गुडघ्यांवर चढला.

आता त्या दप्तरखान्यात केरवारे करणारी एक बाई होती, गोजरा. केतकीची आई बाळंतपणात गेली, तेव्हा हिनंच तिला अंगावर पाजलं होतं. गोजराचं स्वतःचं मूल जगलं नव्हतं. जे काही होतं ते केतकीच. केतकी म्हणाली, "गोजराई, माझे पाय चेप गं," नि गोजरा दगड चेपत बसली. मग उठली ती थेट दप्तरखान्यात आली नि मोठ्यानं रडली.

वर तुळईवर एक म्हातारी साळुंकी राहत होती. तीन पिढ्यांचे कारकून तिनं पाहिले होते, नि त्यांनी वाचलेली एकूण एक चिठी तिला तोंडपाठ होती. तिनं विचारलं, "बाई, रडतेस का?"

गोजरानं सगळं सांगितलं. "साळुंके, फिरता झरा कुठं आहे गं?"

"तसं कुणी लिहिलेलं नाही."

गोजरा विचारात पडली. झऱ्याचं पाणी गोड म्हणतात, आणि गोड्या पाण्यात काय होतं हे चूल सांभाळणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. "बरं, डाळ लवकर शिजली असं कुणी लिहिलंय?"

"हो तर. सोमवारी बोरगावात डाळ एका उकळीत शिजली. मंगळवारी चिंचणीत. बुधवारी खांबगावात. गुरुवारी हिवऱ्यात."

"मग इतके दिवस गप्प का होतीस?"

"मला विचारलं कुणी?"

गोजरानं फरशीवर एकेका गावाचा एकेक खडा मांडला. खडे गोल फिरत गेले, घाण्याच्या बैलासारखे. हिवऱ्यापुढं त्याच वाटेवर आंबेवाडी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आंबेवाडीच्या विहिरीवर घागर घेऊन बसली, झरा आला, तिनं घागर भरली नि ती वडाखाली ठेवली. धूम्रनाथ घोटभर पाणी प्याला. "एक झालं," म्हणाला.

राजाला हे कळलं तसा तो स्वतः दप्तरखान्यात आला नि गोजराशेजारी फरशीवर बसला. "गोजरा, मलाही काम सांग."

"खडे मांडा, महाराज."

दगड केतकीच्या कमरेला लागला होता. गोजरानं साळुंकीला विचारलं, "आभाळ कोरडं असून पापड कुठं वाळले नाहीत?" साळुंकीनं अकरा गावं सांगितली. उडता डोंगर उन्हाच्या आड येई नि खाली बायका बोटं मोडत. राजानं अकरा खडे मांडले. त्याच वाटेवरच्या बाराव्या गावाच्या माळावर डोंगर टेकला तेव्हा गोजरा तिथंच उभी होती. डोंगरानं गायीसारखं तिच्याकडं पाहिलं. तिनं पायथ्याचा एक खडा उचलला, डोंगर पुन्हा उडाला.

"दोन झाली," धूम्रनाथ म्हणाला. खडा घ्यायला त्यानं डावा हात पुढं केला, नि त्याची सहा बोटं गोजरानं पाहिली.

आता दगड छातीशी आला. केतकीला श्वास पुरेना.

"साळुंके, सहा बोटांच्या माणसाबद्दल काही आहे?"

साळुंकी बोलू लागली ती दोन प्रहर बोलतच राहिली. चाळीस वर्षं, साडेतीनशे गावं, नि खबर एकच. सहा बोटांचा गोसावी आला. ज्या दारात कासवाच्या आकाराची दगडी डोणी आहे ते घर कोणतं, म्हणून विचारून गेला.

"आणि तशी डोणी कुठं आहे?"

"गेल्या महिन्याची चिठी. वाकी गावात, जुन्या पुरात गाडली गेलेली सखूची कासवाची डोणी गवंड्यानं उकरून काढली. ही सखू पोराला त्या डोणीत न्हाऊ घालायची, असं म्हाताऱ्या सांगतात. पोर चार वर्षांचं असताना जत्रेत हरवलं. सखूनं त्याचं क्रियाकर्म आजवर केलेलं नाही. म्हणते, येईल."

"गोसावी वाकीला कधीच गेला नाही?"

"गेला होता, वीस वर्षांपूर्वी. डोणी गाळात होती, कुणाला आठवली नाही. सखूच्या दाराला कडी होती. त्या दिवशी ती पोराला शोधायला जत्रेला गेली होती."

राजा म्हणाला, "एक चिठी तिसऱ्या मजल्यावर, एक पाचव्या. दोन्ही माझ्याच घरात होत्या. आणि तो मागायला आला, तर मी त्याला बोलूसुद्धा दिलं नाही." त्याला मान वर करवेना.

राजानं स्वतः गाडी हाकली. सखू ऐंशीच्या घरात, डोळे अधू. वडाखाली गाडी थांबली तेव्हा दगड केतकीच्या गळ्याखाली दोन बोटं होता. गोजरानं सखूला हाताला धरून उतरवलं नि मांत्रिकापुढं उभं केलं.

"बुवा, तिसरी गोष्ट."

म्हातारीनं त्याच्या राखेनं माखलेल्या तोंडावरून हात फिरवला. "हैबती," ती म्हणाली, "किती वाळलास रे."

ज्यानं झरे बांधले, डोंगर उडवले, त्या धूम्रनाथाला आपलं घर मात्र मंत्रानं सापडत नव्हतं. त्या विद्येचा तो दंडच होता. तो आईच्या पायांशी बसला नि लहान मुलासारखा हमसून रडला. उतारा म्हणायचं त्याला भानच राहिलं नाही, नि म्हणायची गरजही पडली नाही. महालात केतकीनं पायाची बोटं हलवली. गोजरा वेशीपासून धावत आली, तर केतकी भिंतीला धरून दारापर्यंत चालत आली होती. दोघी उंबऱ्यातच बसल्या, एकमेकींना धरून.

हत्ती बाहेरच राहिले. दर आठवड्याला राजा दप्तरखान्यात फरशीवर बसे, चिठ्या शेजारी शेजारी मांडी, नि साळुंकीला काय विचारायचं ते गोजराला विचारी. पहिल्याच वर्षी त्या राज्यातली सतरा हरवलेली माणसं घरी आली. ती जशी आपापल्या दारी पोचली, तशी तुमची आमचीही पोचोत.