भिवराचा नांगर आणि देशमुखांच्या मिशा

लढाई पेटली आणि गावातले झाडून सारे गडी फौजेत गेले. मागे उरले म्हातारे आणि रंगराव देशमुख, कारण नगारा वाजला की देशमुखांचा गुडघा नेमका दुखायचा. भिवरानं नवऱ्याचा नांगर हाती धरला आणि दोन वर्षं अख्खं गाव पोसलं. तिचं पीक बघून देशमुखांच्या तोंडाला पाणी सुटलं. त्यांनी चावडी भरवली.

"बाईनं नांगर धरला, जमीन बाटली! आजपासून ती माझ्या ताब्यात."

भिवरानं पदर खोचला. "बरं, धनी. पण बाटलेल्या जमिनीचं अन्न खाणाऱ्याला प्रायश्चित्त काय?"

"मिशा उतरवायच्या! रीतच आहे," देशमुख मिशीला पीळ देत गरजले.

"मग दोन वर्षं तुमच्या चुलीवर कुणाच्या शेतातली ज्वारी शिजतेय?"

चावडीवरच्या साऱ्या म्हाताऱ्यांचे हात आपापल्या मिशांवर गेले. देशमुख घाईघाईनं म्हणाले, "पण न्हावी फौजेत गेलाय. तो आला की बघू."

"त्याची वाट कशाला बघता? वस्तरा आता त्याची बायको चालवते. ए हौसा, ये गं पुढं!"

हौसा चावडीची पायरी चढायच्या आत देशमुखांनी निवाडा फिरवला. जमीन बाटलेली नव्हती.