राजाला गोष्ट सांगणार कोण?

दिवाळीच्या सुट्टीतल्या पार्टीत सोसायटीची मुलं सतरंजीवर रिंगण करून बसली. प्रत्येकाने एकेक वाक्य जोडत गोष्ट पुढे न्यायची होती. निवृत्त मुख्याध्यापक खानविलकर सर आपणहून परीक्षक झाले.

"हत्ती कधी बोलतो का? बाद! राजा कधी रडतो का? बाद!"

शेवटी एकटी चिमुरडी शर्वाणी उरली.

"शाब्बास! कर गोष्ट पूर्ण," सर ऐटीत म्हणाले.

"राजाने चुकणाऱ्या सगळ्यांना हाकलून दिलं," शर्वाणी म्हणाली, "मग त्याला गोष्ट सांगायला कुणी उरलंच नाही. सर, मी पण जाऊ?"

सरांनी मान डोलावली, तशी ती उठून पळाली.

कोपऱ्यात बाद झालेल्या मुलांचं नवं रिंगण जमलं होतं. त्यांचा हत्ती काहीतरी बोलला, सगळी खिदळली; पण रिकाम्या सतरंजीपाशी सरांना ते ऐकू आलं नाही.